सरोजिनीबाईंचा रहिवास

मनोहररावांनी निशिकांतला आयकर शिकवायला घेतला, तेव्हा निशिकांतच्या पानात अजून पहिली पुरीसुद्धा पडली नव्हती. निशिकांत त्यांचा सख्खा पुतण्या, पुण्यात स्वतःचं ऑफिस थाटलेला चार्टर्ड अकाउंटंट, कसल्याशा परिषदेसाठी सिंगापुरात आलेला. पण काकांच्या लेखी तो अजून हाफ पँटीतच होता. सरोजिनीबाई ओट्यापाशी पुऱ्या तळता तळता ऐकत होत्या. ऐकत होत्या म्हणजे कानावर पडत होतं. लग्न झाल्यापासून जे कानावर पडतंय त्याला ऐकणं म्हणायचं, तर पंख्याच्या घरघरीलाही ऐकणंच म्हणावं लागलं असतं.

"जुलै म्हणजे माझा सीझन," मनोहरराव सांगत होते. "सोसायटीतल्या बावीस जणांची रिटर्न्स यंदाही इथूनच भरली. व्हिडिओ कॉलवर. तो खालच्या मजल्यावरचा कुलकर्णी, मुलगा सीए आहे त्याचा, तरी माझ्याकडे येतो. का? कायदा सगळ्यांना कळतो रे, पण वापरता यावा लागतो."

हे खरं होतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मनोहररावांनी सहकारनगरच्या त्यांच्या सोसायटीत हा फुकटचा दवाखाना उघडला होता. जुलै उजाडला की जेवणाच्या टेबलावर फायलींचा ढीग, समोर लेंगे-बंड्या घातलेले पेन्शनर, आणि स्वयंपाकघरात चहाचं आधण. तो चहा कोण करत होतं, हा प्रश्न त्या पेन्शनरांपैकी एकालाही कधी पडला नाही. सरोजिनीबाई तेव्हा स्वतः मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पण शाळेत भूगोल शिकवणं ही नोकरी, आणि सोसायटीची रिटर्न्स भरणं ही समाजसेवा, अशी त्या घरात वाटणी होती.

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या या फ्लॅटमध्ये रविवारचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं, असा मुलाचा, रुचिरचा, नियम होता. सगळ्यांनी म्हणजे पुण्याच्या लेकीने, चैत्रालीनेसुद्धा. तिला टॅब्लेटवर घ्यायचं, टॅब्लेट पाण्याच्या जगला टेकवून टेबलाच्या टोकाला ठेवायचा आणि तिच्याकडे बघत बघत जेवायचं. तिकडे सकाळचे साडेदहा झालेले असत आणि चैत्राली गाऊनमध्ये चहा पीत असे. दर रविवारी एकदा तरी तिचा गळा दाटून यायचा आणि ती म्हणायची, "आई-बाबा, या ना परत. घर खायला उठतं तुमच्याशिवाय." घर खायला उठत असेल तर ते चार वर्षांपासून उठत होतं, कारण नवऱ्याच्या, विवेकच्या, फ्लॅटचा ताबा मिळेपर्यंत म्हणून ती आई-वडिलांच्या घरात तात्पुरती राहायला गेली होती. ताबा केव्हाच मिळाला, भाडेकरूही बसला. तात्पुरतं मात्र संपलं नाही.

"आणि माझं स्वतःचं सांगू?" मनोहररावांनी श्रीखंडात पुरी बुडवली. "इथे येऊन सात वर्षं झाली. माझी पेन्शन, हिची पेन्शन, ठेवींचं व्याज. एक पैसा कर भरला नाही. एक पैसा! सगळं कायद्यात बसवून. दर एप्रिलला बँकेला पत्र जातं, व्याजातून कर कापू नका म्हणून. रिटर्न वेळेवर. रिबेट पुरेपूर."

निशिकांतचा घास हातातच राहिला.

"काका, रिटर्नमध्ये स्टेटस काय टाकता तुम्ही?"

"काय टाकणार? रहिवासी!"

निशिकांतने घास परत पानात ठेवला. टेबलाशी बसलेल्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही, पण सरोजिनीबाईंच्या आलं. परीक्षेत उत्तरपत्रिका बघताना शेजारच्या बाई लाल पेन उचलायच्या, तेव्हा त्यांचा चेहरा असा व्हायचा. त्यांनी गॅस बारीक केला.

"पण काका, तुम्ही तर इथे राहता."

"इथे मी पाहुणा आहे," मनोहरराव म्हणाले. "हा पास बघ. लाँग टर्म व्हिजिट पास. व्हिजिट! यांचं सरकार मला पाहुणा म्हणतंय, स्वच्छ छापून दिलंय. जो इथे पाहुणा, तो कुठला तरी रहिवासी असेलच ना? पासपोर्ट भारताचा, मतदार यादीत नाव पुण्यात, गॅसचं कनेक्शन चालू. आता तूच सांग, मी परदेशी कसा?"

"परदेशी नाहीच तुम्ही. नागरिक आहात, ते कोण नाकारतंय? पण आयकराला पासपोर्टाशी देणं-घेणं नाही. वर्षातला किती काळ तुम्ही भारतात होतात, एवढंच तो विचारतो. निम्म्या वर्षाहून कमी असाल, आणि तुम्ही असता महिना-दीड महिना, तेही नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला, तर तुम्ही अनिवासी. मग ते बँकेचं पत्र देता येत नाही. रिबेट मिळत नाही. साधं बचत खातंसुद्धा चालत नाही, वेगळं करून घ्यावं लागतं. आणि रिटर्नचा तो सोपा फॉर्म तर नाहीच नाही."

पलीकडून चैत्रालीचा कप बशीवर टेकल्याचा आवाज सिंगापुरात ऐकू आला.

"आजोबा, सो यू आर इल्लीगल, ॲह?" जान्हवीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. ती तेरा वर्षांची होती आणि तिला खरंच माहिती हवी होती.

"नॉट इल्लीगल लाह," तिनेच मग आजोबांचा चेहरा बघून सावरून घेतलं. "जस्ट राँग."

"जानू, तू आत जाऊन होमवर्क कर," तिची आई जाई म्हणाली.

सरोजिनीबाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं नाही. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बावीस जणांची रिटर्न्स! कुणाच्या घरभाड्याची पावती चुकली तर हा माणूस त्याला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झापायचा. आणि स्वतः सात वर्षं सरकारला सांगत होता की मी सहकारनगरात बसलोय. पण हसता हसता त्या थबकल्या. त्यांचं रिटर्नही तोच भरत होता. म्हणजे त्याही सात वर्षं सहकारनगरात बसल्या होत्या. जन्मभर मुलींना अक्षांश-रेखांश शिकवणाऱ्या बाईने आपण कुठे राहतो हे नवऱ्याला लिहू दिलं होतं, आणि एकदाही वाचून बघितलं नव्हतं. हसू तिथेच विरलं.

"एक मिनिट," रुचिर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बाबा, आपलं इथलं जॉइंट खातं. ते रिटर्नमध्ये दाखवलंत?"

"ते तुझं खातं. माझं नुसतं नाव आहे."

"नाव आहे म्हणजे खातं आहे! रहिवासी म्हटलं की परदेशातलं खातं दाखवावं लागतं. माझी नोकरी आहे ही, बाबा. दिवसभर मी बँकेत लोकांना हेच विचारतो, तुम्ही कुठल्या देशाचे कर-रहिवासी?"

"मग हे खातं उघडताना तू काय लिहिलंस?" निशिकांतने शांतपणे विचारलं.

रुचिरने पाण्याचा घोट घेतला. "सिंगापूर," तो म्हणाला. "मी फॉर्म भरला, बाबांनी सही केली."

"म्हणजे इथल्या बँकेला सांगितलं इथले, आणि तिथल्या सरकारला सांगितलं तिथले."

"आमचं खरं आहे," रुचिर घाईने म्हणाला. "आम्ही लिहिलेलं खरं आहे. बाबांनी लिहिलेलं खोटं."

बाप बुडायला लागला तर पोराने आधी आपला सदरा कोरडा आहे ना ते बघितलं, असं सरोजिनीबाईंना वाटलं. हाच रुचिर एरवी नाकाने कांदे सोलायचा. शेजारच्या कुणाला शेअर्सबद्दल सल्ला देऊ का, म्हणून बँकेची परवानगी काढणारा माणूस. वडिलांची सही घेताना मात्र त्याने त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं की तिकडे काय लिहिता. या घरात विचारण्याची पद्धतच नव्हती.

"आता सांग, करायचं काय?" जाईने विचारलं. ती व्यवहारी मुलगी. रडारड तिला जमत नसे.

निशिकांतने हात धुतले आणि पुसत पुसत सांगितलं. मागची चूक मान्य करायची. जेवढ्या वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करता येतात तेवढी करायची, कर आणि व्याज भरायचं, बँकेची खाती बदलायची. सरकारने विचारण्याआधी आपण गेलो तर प्रकरण तिथेच मिटतं. एवढं झालं मागचं. पुढचं मात्र काका-काकूंनी ठरवायचं. इथेच राहायचं असेल तर अनिवासी म्हणून दर वर्षी रिटर्न, दर वर्षी कर. नाहीतर मग खरोखरच पुण्यात जाऊन राहायचं. निम्म्या वर्षाहून जास्त तिथे काढा, मग रहिवासी म्हणवून घ्यायला कुणाची ना नाही. रिबेटही मिळेल.

मनोहररावांचा चेहरा उजळला. इतका वेळ उतरलेले खांदे वर आले. "बघा! मी काय म्हणत होतो? आपण पुण्याचेच. कायदाही तेच म्हणतोय. चूक काय झाली, नुसतं राहायचं राहून गेलं! सात-आठ महिने तिकडे, उरलेले इकडे. सोसायटीचं काम समोरासमोर होईल. काय सरोज?"

"काय सरोज" हा त्यांचा प्रश्न नव्हता. वाक्य संपल्याची खूण होती. उत्तराची वाट कुणी बघितली नाही.

"हे बेस्ट आहे," रुचिर म्हणाला. "खातं मी उद्याच बंद करतो. आणि बाबा, खरं सांगायचं तर तुमचं मन तिकडेच आहे. आम्ही उगाच अडकवून ठेवलंय तुम्हाला."

अडकवून! जान्हवी पहिलीत होती तेव्हा हाच विमानतळावर वाकून पाया पडला होता, आई तू आलीस म्हणून आम्ही तरलो, असं म्हणत. आता जान्हवी स्वतःची स्वतः बस पकडून शाळेत जायला लागली होती. गरज सरो, वैद्य मरो.

पण कौल इतका सरळ लागणार नव्हता. टॅब्लेटमधून आवाज आला.

"बाबा, पण घाई नका करू हं." चैत्रालीने कप बाजूला ठेवला होता आणि ती पडद्याच्या इतकी जवळ आली होती की नुसतं नाक आणि चष्मा दिसत होता. "इथली हवा कशी झालीय माहितीये ना? धूळ नुसती. आईचा दमा..."

"मला दमा नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"होऊ शकतो ना आई! आणि लिफ्ट सारखी बंद असते. निशिदादा, अनिवासी असण्यात वाईट काय आहे? उलट स्टेटस आहे. आमच्या ओळखीचे कितीतरी जण अभिमानाने सांगतात."

"कर भरावा लागतो गं," निशिकांत म्हणाला.

"मग भरावा! देशाला कर द्यायला नको का?"

दर रविवारी दाटून येणारा गळा आज अगदी मोकळा होता. मनोहरराव गोंधळून पडद्याकडे बघत राहिले.

"अगं, पण तूच म्हणतेस ना या म्हणून?"

"म्हणजे या ना! पंधरा दिवस या, महिनाभर या. पण आठ महिने म्हणजे... बाबा, तुमच्या बेडरूममध्ये विवेकने पॉडकास्टचा स्टुडिओ केलाय. भिंतींना फोम लावलाय सगळा. आता कुठे त्याचा जम बसतोय."

"माझ्या बेडरूममध्ये?"

"तुम्ही वापरत नव्हतात ना."

आता गंमत अशी झाली की बहिणीने नको म्हटल्यावर भावाला चेव चढला. घर कुणाच्या नावावर आहे, आणि फुकट कोण राहतंय, आणि स्वतःच्या फ्लॅटचं भाडं कोण खातंय, हे सगळं रुचिरने एका दमात काढलं. चैत्राली म्हणाली, तुझी पोर आईने सांभाळली त्याचं काय? पाळणाघराचे पैसे लाव ना मग. जाई इतका वेळ नवऱ्याच्या बाजूने मान हलवत होती. ती एकाएकी थांबली. सरोजिनीबाई तिच्याकडेच बघत होत्या आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना कपाटाच्या काचेतून दिसावं तसं दिसत होतं. सकाळचे तीन डबे. संध्याकाळची भाजी. शनिवारी टेक्का मार्केटला जाऊन आणायची मेथी आणि अळू. मोकळी झालेली खोली जाईला हवी होती, त्यात ती आपलं ऑफिस थाटणार होती. पण खोलीबरोबर स्वयंपाकघरही मोकळं होणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं.

"खरं तर आईंनी कशाला जायला हवं?" जाई म्हणाली. "बाबांचं सोसायटीत काम असतं. आईंचं इथे... आईंचं इथे सगळं बसलंय आता."

"सगळं म्हणजे काय गं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

जाई डबे म्हणू शकत नव्हती आणि दुसरं तिला काही माहीत नव्हतं.

माहीत असण्यासारखं पुष्कळ होतं. सरोजिनीबाई पासष्टीच्या पुढे पोहायला शिकल्या होत्या. यिशुनच्या सार्वजनिक तलावात आठवड्यातून तीनदा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घालून. शिकवलं शेजारच्या ब्लॉकमधल्या मिसेस गोह यांनी, ज्यांना इंग्रजी धड येत नव्हतं आणि सरोजिनीबाईंना चिनी अजिबात येत नव्हतं. पाणी दोघींना समजत होतं. घरात सगळे त्याला "आईंचा टाइमपास" म्हणायचे. पहिल्यांदा हात-पाय न मारता त्या पाण्यावर उताण्या राहिल्या, वर नुसतं आभाळ, तेव्हा त्या रडल्या होत्या. इतकं सुख त्यांना संसारात एकदाही झालं नव्हतं आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. पुण्याला त्या महिना-दीड महिना जात तेव्हा परत यायच्या तारखेवर त्यांचा डोळा असे. त्या घरात पाऊल टाकलं की कुणीतरी फाईल घेऊन यायचं आणि चहाचं आधण चढायचं.

परत जायचं नव्हतं त्यांना. इतकी साधी गोष्ट होती. आणि ती त्यांनी आजवर उच्चारली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांना त्यांच्या आईने शिकवलं होतं. आईने तेवढं एक चुकीचं शिकवलं होतं.

टेबलाशी अजून जुंपलेलीच होती. भारतात आठ महिने की सात, फोम काढायला किती दिवस लागतील, तिकिटं आत्ता स्वस्त आहेत की गणपतीनंतर, असं सगळं चाललं होतं. आई-वडिलांची वाटणी करायला बसलेल्या पोरांपुढे आई-वडील हजर असावेत, याची कुणाला लाज वाटत नव्हती. मनोहररावांना तर वाटतच नव्हती. ते प्रत्येक मुद्द्यावर कलमांचे आकडे सांगत होते.

"निशिकांत," सरोजिनीबाई म्हणाल्या. "नवरा-बायकोचं स्टेटस एकच असावं लागतं का रे?"

निशिकांतने वर बघितलं. "नाही काकू. प्रत्येकाचं स्वतंत्र. तुमचा पॅन वेगळा, पेन्शन वेगळी, तुम्ही राहता कुठे तेही वेगळं असू शकतं."

"म्हणजे हे पुण्याचे रहिवासी झाले, आणि मी इथे राहिले, तर चालतं?"

"कायद्याला चालतं."

"भलतंच काय," मनोहरराव हसले. "तिचं तिला काय कळतंय त्यातलं? तिचं रिटर्न मीच भरतो. ते काढलंच आहे बघ आज, मुदत जवळ आलीय. यंदाचं जुन्याप्रमाणेच जाऊ दे. पुढच्या वर्षी तर आपण तिथे असूच, मग कोण बघतंय?"

आणि त्यांनी खरोखरच लॅपटॉप ओढला. मघाशी तोंडावर आपटलेला माणूस उठून कपडे न झटकताच परत त्याच वाटेला लागला होता. निशिकांत "काका, अहो काका" म्हणेपर्यंत त्यांनी बायकोचं रिटर्न उघडलं, जिथे जे होतं ते तसंच ठेवलं आणि शेवटचं बटण दाबलं. स्वयंपाकघरातल्या कप्प्यात ठेवलेला सरोजिनीबाईंचा जुना फोन वाजला. भारतातलं सिम त्यात होतं आणि ते अशाच कामापुरतं जिवंत ठेवलेलं होतं.

"ओटीपी आला असेल," मनोहरराव चष्मा लावत म्हणाले. "सांग."

सरोजिनीबाईंनी फोन उचलला. सहा आकडे होते. दर वर्षी याच दिवसांत त्या पोळ्या लाटता लाटता असे आकडे वाचून दाखवत आल्या होत्या. आज त्यांनी ते मनात वाचले आणि फोन पदराखाली धरला.

"सांगत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोटं आहे ते. मी सहकारनगरात राहत नाही. मी यिशुनला राहते."

"अगं, तो नुसता शब्द आहे फॉर्ममधला!"

"मग खरा शब्द टाका. नुसताच तर आहे."

"कर बसेल तुझ्या पेन्शनवर! फुकटचा!"

"बसू दे. माझी पेन्शन आहे. इतकी वर्षं ती कुठे जाते हे मला कुणी सांगितलं नाही, आता निदान सरकारकडे जाते एवढं तरी कळेल."

टॅब्लेटमधून चैत्राली म्हणाली, "बरोबर आहे आईचं." जाई म्हणाली, "हो ना, आईंची इच्छा महत्त्वाची." दोघी पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या, आणि सरोजिनीबाईंना त्या एकमताची इतकी शिसारी आली की त्यांनी हातानेच दोघींना गप्प केलं.

"माझी बाजू घेऊ नका. चैत्राली, तुला तिथल्या खोल्या हव्यात आणि हिला इथले डबे. उद्यापासून डबे ज्याचे त्याने करायचे. मी खोलीचं भाडंही देईन रुचिरला, कराचं भागवून जे उरेल त्यातून. पण मी पुण्याला परत जाणार नाही. आठ महिने नाही, सात नाही, एकही नाही. दाखल्यापुरती जाईन आणि येईन."

"आई, भाडं काय गं, काहीतरीच..." रुचिर पुटपुटला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. जाई पानं उचलायला लागली.

मनोहरराव बायकोकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं कलम आपल्या वाचनातून निसटलं आहे असा तो चेहरा होता.

"आणि मी?" ते म्हणाले. "मी एकटा जाऊन तिथे काय करू?"

"समाजसेवा करा."

"सरोज, चहा कोण देणार मला?"

एवढ्या सगळ्यातून या माणसाने उचललं काय, तर चहा. सरोजिनीबाईंना वाटलं होतं की या क्षणी त्यांना थोडं तरी वाईट वाटेल. नाही वाटलं. चाळीसहून जास्त वर्षं ज्या माणसाबरोबर काढली त्याची कीव येत होती, आणि कीव ही काही प्रेमाची धाकटी बहीण नव्हे, हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

"निशिकांत, माझं तू भर," त्या म्हणाल्या. "नव्याने. काय लागेल ते विचार."

निशिकांतने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. दुसरा फॉर्म काढला, मोठा. अनिवासी. राहण्याचा देश. त्याने विचारलं, काकू, इथला पूर्ण पत्ता? सरोजिनीबाईंनी ब्लॉकचा नंबर सांगितला, रस्त्याचं नाव सांगितलं, मजला आणि दार सांगितलं, पोस्टल कोडचे आकडे एका दमात सांगितले. मिसेस गोह यांनी ते त्यांच्याकडून पाठ करून घेतले होते, कधी वाट चुकलीस तर टॅक्सीवाल्याला सांगायला म्हणून. वाट त्या कधीच चुकल्या नव्हत्या. कराचा आकडा आला तेव्हा निशिकांतने तो मोठ्याने वाचला नाही, लॅपटॉप त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो पाहिला, थोडा वेळ पाहिला, आणि मान डोलावली. मग नवा ओटीपी आला आणि तो त्यांनी स्वतःच्या बोटाने टाइप केला.

चैत्रालीचा पडदा केव्हा काळा झाला ते कुणी बघितलं नाही. रुचिर उठून गॅलरीत गेला.

मनोहररावांनी घसा खाकरला. "मग माझंही तसंच टाक," ते निशिकांतला म्हणाले. "अनिवासी म्हणून. आता त्या फोममध्ये जाऊन मी एकटा काय..."

निशिकांतने त्यांचं रिटर्न उघडलं. "इथला पत्ता सांगा, काका."

मनोहररावांनी सवयीने बायकोकडे बघितलं.

"तुमचा तुम्ही सांगा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"यिशुन," मनोहरराव म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या ब्लॉककडे बघितलं, आणि परत म्हणाले, "यिशुन." त्यापुढचं त्यांना येईना.